बसूच्या उंड्यातली पूड

अप्पा, तुमच्या मातीला मी आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. दवाखान्याच्या शिपायानं सकाळी कुलूप काढता काढता सांगितलं, "बाई, बसूवाले अप्पा गेले," आणि मी तशीच स्कूटी काढली. तुमच्या शेतात विहिरीजवळ माणसं जमली होती. मी बायकांतही गेले नाही, बांधावरच उभी राहिले. तुम्ही असतात तर मला बसायला खुर्ची मागवली असती की तिथूनच परत पाठवलं असतं, हे सात महिन्यांपूर्वी मी छातीठोक सांगितलं असतं. आता सांगता येत नाही.

तुम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून, हे मला ठाऊक होतं. पण तुमच्या गुडघ्यांनी कित्येक वर्षांत मांडी घातली नव्हती. पूजेलासुद्धा तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचात आणि आधी देवाची माफी मागायचात. त्या दिवशी चौघांनी मिळून तुमचे पाय दुमडले. जनावरांचे सांधे वाकवून बघण्यात माझी वीस वर्षं गेलीत, त्यामुळे ते किती जोर लावतायत हे मला लांबूनही कळत होतं. तुम्हाला आता दुखत नसणार हेही कळत होतं. तरी मी मान फिरवली.

उदगीरहून देगलूरकडे जाताना लागणाऱ्या तुमच्या गावात मी गुरांची डॉक्टर म्हणून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझी परीक्षा घेतली होती. नांदेडची पोरगी, अंगावर पांढरा कोट, आणि समोर तुमचा बसू. अस्सल देवणी वळू, अंग दुधासारखं पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. खरं नाव बसवण्णा, हाक मारायची बसू. पंचक्रोशीतली निम्मी वासरं त्याची. तुम्ही दावं हातात धरून म्हणालात, "बाई, ह्यो वळू हाय. गरीब म्हैस न्हाई. जपून." मी सरळ त्याच्या मानेला हात घातला आणि त्यानं माझा खांदा चाटला, कोटासकट. तुम्ही पोट धरून हसलात. म्हणालात, "अव्वा, तुज्या हाताला भ्याचा वास न्हाई."

तेव्हापासून मी तुमची अव्वा. तुमच्या घरात निम्मं बोलणं कानडीत चालायचं आणि लेकीबाळींना तुम्ही लाडानं अव्वा म्हणायचात. राग आला की 'डॉक्टरबाई'. माझ्यासाठी दोन्ही नावं तयार असायची आणि दारात पाऊल टाकताना आज कोणतं ऐकायला मिळणार याचा अंदाज मी तुमच्या मिशीवरून करायचे.

मग बसू म्हातारा झाला. मागच्या डाव्या पायाचा सांधा सुजला, उठताना तो आधी थरथरायचा आणि मग चारपाच पावलं पाय घासत चालायचा. मी तपासून सांगितलं, सांधा झिजलाय, हे बरं होणारं दुखणं नाही, फक्त कमी करता येईल. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू तो सांधा मीच झिजवला. दुखणं थांबवायची सुई मी दिली, दोनदा, तीनदा. पण ती सुई रोज टोचता येत नाही, पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधते, हे मी तुम्हाला दहा वेळा समजावलं. तुम्ही अकराव्यांदा विचारलंत, "मग दुसरं कायतरी दे की अव्वा. रोज चालंल असं. बसू माज्याकडं बगून राहिलाय."

तेव्हा एका कंपनीचा माणूस दवाखान्यात सांध्यांच्या पुडीचे दोन डबे ठेवून गेला होता. ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन असली नावं. शहरातल्या कुत्र्यांना आणि शर्यतीच्या घोड्यांना देतात. डब्यावर एक सोनेरी केसांचा कुत्रा जीभ काढून हसत होता. बसवण्णाला कुत्र्याचं औषध दिलेलं तुम्हाला चालणार नाही, म्हणून मी दोन्ही डब्यांतली पूड काचेच्या बरणीत ओतली आणि डबे फेकून दिले. इथपर्यंत मी तुमचा मान राखत होते, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

बरणी हातात घेऊन, उन्हाकडे धरून, तुम्ही विचारलंत, "अव्वा, ह्यात वशट न्हाई ना?"

बाहेर सहा जनावरं उभी होती. एक गाय अडली होती आणि तिचा मालक खिडकीतून हाका मारत होता. ह्यातलं ग्लुकोसामाइन खेकड्या-झिंग्यांच्या कवचापासून काढतात, म्हणजे वशटच, एवढं मला ठाऊक होतं. दुसरा पदार्थ कुठून येतो ते डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. चष्मा टेबलावरच होता. मी वाचलं नव्हतं.

मी म्हणाले, "न्हाई अप्पा. झाडपाल्याचं हाय."

तुमच्याच बोलीत बोलले. तुम्हाला खरं वाटावं म्हणून. ती गाय सुटली, वासरूही जगलं. त्या दिवशी माझ्या हातून तेवढं एक काम नीट झालं.

आज माझ्या व्यवसायातली एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकते, जी तेव्हा सांगितली नाही. ही पूड कुत्र्यांवर तरी किती चालते यावरच आम्हा डॉक्टर लोकांत एकमत नाही. कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही. बैलाचं तर पोटच वेगळं, चार खणांचं. पहिल्या खणातच तिचं आंबवण होऊन जातं. सांध्यापर्यंत काय पोचत असेल देव जाणे. हे मला माहीत होतं. तुम्हाला काहीतरी द्यायचं होतं म्हणून मी दिली. तुम्ही विचारणं थांबवावं म्हणून दिली, असं म्हटलं तर जास्त खरं होईल. जिच्या गुणाची मला खात्री नव्हती त्या पुडीसाठी मी तुमच्याशी खोटं बोलले.

सोबत मी बाकीचंही सांगितलं होतं. त्याला फरशीवर बांधू नका, मऊ माती टाका. एका जागी दिवसभर ठेवू नका, सकाळ-संध्याकाळ ओढ्यापर्यंत फिरवून आणा. पेंड कमी करा, वजन उतरू द्या. तुम्ही सगळं केलंत, अगदी काटेकोर. दोन महिन्यांत बसू बराच मोकळा चालायला लागला. आणि श्रेय कशाला दिलंत? पुडीला. पारावर, आठवडी बाजारात, भेटेल त्याला सांगत सुटलात. "डॉक्टरबाईनं अशी पूड दिली म्हन्ता, बसू पोळ्याला पळंल." लोक बरण्या घेऊन दवाखान्यात यायला लागले. मी त्यांना परत पाठवत होते आणि मनातून खूशही होत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण खूश होते.

तुम्ही ती पूड कशी द्यायचात ते मी पाहिलेलं आहे. सकाळची लिंगपूजा झाली की परातीत ज्वारीचं पीठ आणि गूळ मळायचात, त्यात चमचाभर पूड, आणि त्याचा मोठा उंडा करून बसूला स्वतःच्या हातानं भरवायचात. मग परातीला चिकटलेलं पीठ बोटानं निपटून काढायचात आणि तोंडात घालायचात. एक दिवस मी लसीकरणाला आले होते तेव्हा माझ्यासमोरच खाल्लंत. मी विचारलं, "अप्पा, हे काय?" तुम्ही म्हणालात, "बसवण्णाचा परसाद हाय. परसाद टाकत न्हाईत अव्वा." आणि वर हळूच गुडघ्यावर हात ठेवून, "माजे बी गुडगे हलके वाटून राहिलेत."

त्या वेळी मला बोलता आलं असतं. तुम्ही सुनेला चहा टाकायला सांगितला होता, अंगणात तिसरं कुणी नव्हतं. 'अप्पा, ते खाऊ नका' एवढे चार शब्द होते. पण ते बोलले असते तर 'का?' असं तुम्ही विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं. मी हसले. म्हणाले, "चांगलं आहे की." चहा घेऊन निघाले.

त्यानंतर तुम्ही पीठ जास्त मळायला लागलात, परातीला थोडं जास्त चिकटावं म्हणून, हे मला पुढे तुमच्या सुनेनं, गिरिजानं सांगितलं. हसत सांगितलं होतं, तेव्हा ती हसत होती.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी पंधरा दिवस नांदेडला गेले. तुमची बरणी त्याच आठवड्यात संपली. तुम्हाला दम धरवेना. कंपनीचं नाव तुम्ही शिपायाकडून काढून घेतलंत आणि लेकाला लातूरला पिटाळलंत. त्यानं डबा आणला, हसणाऱ्या कुत्र्यासकट. कुत्रा पाहून तुम्ही म्हणे नुसते "अगं बया" म्हणालात आणि हसलात. कुत्रं चाललं तुम्हाला! मी उगीच त्याला घाबरले होते. मग गिरिजाला म्हणालात, "बग की गं, कशाकशाचा पाला हाय ह्यात." गिरिजा शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं वाचलं.

मी परत आले त्या सकाळी तुम्ही ऑटोनं दवाखान्यात आलात. खुर्ची दिली ती घेतली नाहीत. लातूरचा डबा टेबलावर ठेवलात आणि काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिलात, तसल्या गुडघ्यांवर.

"डॉक्टरबाई, वाचा."

"अप्पा, मी तुम्हाला सांगणारच—"

"वाचा म्हन्लं ना. मोठ्यानं."

मी वाचलं.

"मराठीत सांगा. सूनबाई सांगून राहिली ते खरं हाय का बगू."

"एक खेकड्याच्या कवचाचं आहे. आणि दुसरं... गुरांच्या सांध्यातलं मऊ हाड."

मग अगदी हळू म्हणालात, "गवत खानाऱ्या जनावराला तुमी गुराचं हाड चारलं. आन् मला."

मला तेव्हा राग आला, अप्पा. चूक सापडलेल्या माणसाला येतो तसला. मी म्हणाले, "दुखणं बसूचं होतं. धर्म तुमचा आहे. त्याला काय कळतंय वशट काय आणि काय नाही!"

"त्याला कळत न्हाई म्हनून तर म्या इचारलं. त्याच्या वाटचं म्याच इचारनार ना?"

"मी तुम्हाला खायला कुठे सांगितलं होतं?"

"बगितलं हुतं का न्हाई मला खाताना?"

मी डबा फिरवून ठेवला.

"हाव का न्हाई?"

"हाव," मी म्हणाले.

तुम्ही डावा तळहात माझ्यापुढे धरलात. "साठ वर्सं ह्या हातावर लिंग घेतलं म्या. त्याच हातानं मळलं ते. त्याच हातात परात धरून खाल्लं." एवढंच बोललात आणि ऑटोत जाऊन बसलात. डबा टेबलावर राहिला.

गवत खाणाऱ्या जनावराला जनावराचं काही चारू नये, हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. तुम्ही शाळेची पायरी चढला नाहीत आणि मला तेच सांगून गेलात. तिथं मी हरले.

पण बाकीच्या भांडणात मी हार मानलेली नाही, हेही ऐकून घ्या. गिरिजाकडून मला कळत होतं की तुम्ही लिंग हातावर घेणं सोडून दिलंय. गळ्यात होतं, पण पूजा बंद. स्वामी घरी येऊन गेले, नकळत घडलेल्याचा दोष लागत नाही म्हणाले, तीर्थ दिलं. तुम्ही त्यांनाही ऐकवलंत, "सामी, तुमी न्हाई खाल्लं, म्या खाल्लं." अप्पा, हा हट्ट होता. देवानं माफ केलं, स्वामींनी माफ केलं, तुम्ही स्वतःला माफ करायला तयार नव्हतात, कारण मग मलाही करावं लागलं असतं. मी दोनदा आले. पहिल्यांदा तुम्ही खुर्ची भिंतीकडे फिरवून बसलात. दुसऱ्यांदा गिरिजा दारातच म्हणाली, "झोपलेत," आणि आतून तुमची काठी आपटल्याचा आवाज आला. अव्वा म्हणायचात ना मला? लेक खोटं बोलली तर बाप ओरडतो, दोन दिवस जेवत नाही, तिसऱ्या दिवशी ताटावर बसून पुन्हा ओरडतो. तुम्ही ओरडलाही नाहीत. मला शिव्या द्यायला हव्या होत्या तुम्ही.

तिसऱ्यांदा मी आले नाही. मलाही मान आहे म्हटलं. गावात दुसऱ्या कुणाचं जनावर बघायला आले तरी तुमच्या गल्लीतून न जाता मागच्या वाटेनं जायचे.

काल तुमच्या घरी भेटायला गेले. तुमची खुर्ची उचलून ठेवलेली होती. गोठ्यात बसू उभा होता. मी सवयीनं त्याला ओढ्यापर्यंत चालवून पाहिलं. सात महिने त्याला ती पूड नाही, तरी तो जसा चालत होता तसाच चालतोय, तितकाच लंगडत, तितकाच मोकळा. मऊ मातीनं आणि फिरण्यानं जे झालं ते झालं. पुडीनं त्याचं काही केलं नव्हतं. तुमचे गुडघे मात्र पूड बंद झाल्यावर महिन्याभरात पार गेले, असं गिरिजा म्हणाली. शेवटी शेवटी दोघांनी धरून उठवावं लागायचं. ह्याचा अर्थ काय लावायचा ते मला डॉक्टर म्हणून सांगता येत नाही. ते घास तुमच्या तोंडात जात होते तोवर तुमचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच सांगता येतं.

गिरिजानं पाणी दिलं. तिच्या मनात काही नव्हतं, ती सहज बोलायला बसली. म्हणाली, अप्पांना छातीत कफ झाला होता. उदगीरला नेलं, चार दिवसांनी हट्टानं घरी आले. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. तुम्ही पहिलीच कॅप्सूल बोटात धरून दाबून पाहिलीत आणि विचारलंत, "ह्यात वशट न्हाई ना?" लेक म्हणाला, नाही. औषध दुकानवाला फोनवर म्हणाला, नाही आजोबा, बिनधास्त घ्या. तुम्ही म्हणालात, "बाई बी असंच म्हन्ली हुती." आणि कॅप्सूल परत पाकिटावर ठेवलीत. दोन दिवस घरातले सगळे विनवण्या करत होते.

"मग तिसऱ्या दिवशी म्हन्ले," गिरिजा सांगत होती, "बाईला इचार. ती आता खोटं न्हाई बोलनार. मी लावला की तुमाला फोन. तुमी कामात असाल."

मी कामात नव्हते, अप्पा. दुपारचा दीड वाजला होता, मी दवाखान्यात डबा उघडून जेवायला बसले होते. फोनवर तुमच्या घरचं नाव दिसलं. मी तो पालथा ठेवला. मनात म्हटलं, सात महिने मी वाट पाहिली, आता थोडी तुम्ही पाहा. संध्याकाळी फोन करायचा विसरले असं लिहिलं तर तुमच्याशी आणखी एक खोटं होईल. विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशीही विसरले नव्हते. त्यानंतर दोन दिवसांनी शिपायानं कुलूप काढता काढता मला सांगितलं.

तुमचं वय झालं होतं, छाती जुनीच कमजोर होती, कॅप्सूल घेतल्या असत्या तरी सांगता आलं नसतं, असं सगळे म्हणतात. गिरिजाही म्हणाली. मी पाणी प्यायले आणि उठले.

तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर राहिलंय. हाव अप्पा, असतं. बहुतेक कॅप्सूलांचं टरफल जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनच करतात. तुमचा संशय खरा होता. ह्या वेळी मी तुम्हाला सरळ तसंच सांगितलं असतं. आणि लगेच गिरिजाला म्हटलं असतं, असलं औषध पातळही मिळतं, लहान लेकरांना देतात तसं, बाटलीत. डॉक्टरांना सांग, तसं लिहून द्या म्हणावं, आणि अप्पांना चमच्यानं पाज. उदगीरला सहज मिळालं असतं, अप्पा. माझा डबा संपायच्या आत सांगून झालं असतं.